किंमत वाजवून ठरेल

"वाजवा," डुबलकाका म्हणाले आणि कॉटवर आडवे झाले. तोंड भिंतीकडं, अंगावर चादर. भर दुपारी तीन वाजता.

मी इम्तियाजकडं बघितलं. इम्तियाजनं माझ्याकडं बघितलं. गिऱ्हाईक आल्यावर झोपून राहणारे दुकानदार आम्ही कराडात पुष्कळ पाहिले होते. पण वस्तू दाखवायला मुद्दाम बोलावून, दार उघडून, पाणी देऊन मग झोपणारा माणूस पहिलाच.

खोलीच्या मधोमध घडी घातलेल्या जुन्या सतरंजीवर तो ॲम्प, गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकर, ठेवला होता. तपकिरी, बसायच्या पाटाएवढा रुंद, एका कोपऱ्याला पोचा आलेला. हळदकुंकू तेवढं वाहायचं राहिलं होतं. समोरच्या भिंतीवर एका पोराचा फोटो, फोटोला चंदनाचा हार. पोराच्या मांडीवर गिटार होती आणि नजर कॅमेऱ्याकडं नसून स्वतःच्या डाव्या हाताच्या बोटांकडं होती. कॉर्ड नीट लागलाय का ते बघत असावा. नवशिक्यांचं असंच असतं. फोटो काढतानाही भरवसा नसतो.

"काय वाजवू?" मी विचारलं.

"येतं ते," भिंतीकडून उत्तर आलं.

आम्ही इथवर कसे पोचलो ते सांगायला हवं. मी गिटार वाजवून गायचो आणि इम्तियाज मुल्ला एका लाकडी खोक्यावर बसून तेच खोकं बडवायचा. त्या वाद्याला खरं तर छान परदेशी नाव आहे, पण त्याच्या अम्मीनं पहिल्या दिवशी त्याला खोकं म्हटलं आणि ते खोकंच राहिलं. आमचे कार्यक्रम छोटे. साखरपुडे, एक हुरडा पार्टी, एक पॅथॉलॉजी लॅबचं उद्घाटन. लॅबमध्ये मी तासभर गायलो आणि लोकांना फक्त माझे ओठ हललेले दिसले. शेवटी एका आजोबांनी येऊन विचारलं, "रिपोर्ट कधी मिळणार?"

आमचा आवाजच पोचत नव्हता. अशात विद्यानगरातल्या एका कॅफेवाल्यानं शनिवारची संध्याकाळ दिली. कॉलेजची पोरं येतात, जमलं तर दर शनिवारी या म्हणाला. फक्त साऊंड तुमचा. त्याच आठवड्यात इम्तियाजला एका बेंजो पार्टीनं बोलावलं. ट्रॅक्टरवर बसून मिरवणुकीत वाजवायचं, वर्षभर काम.

"शनिवारी जमलं तर तुझ्याबरोबर," इम्तियाज म्हणाला. "न्हाय जमलं तर मी ट्रॅक्टरवर. तुझ्यावर राग नाही लका, पण निदान तिथं मला मी ऐकू येईन."

म्हणून ॲम्प. मंडपवाल्याकडं गेलो तर त्यानं माणसाएवढे दोन कर्णे दाखवले आणि म्हणाला, यात गिटार घातली तर ओगलेवाडीपर्यंत ऐकू जाईल. तेवढ्या लांबचं कुणी आमच्या ओळखीचं नव्हतं. कोल्हापूरच्या दुकानात इलेक्ट्रिक गिटारचा स्वस्तातला ॲम्प लावून बघितला. माझी गिटार त्यातून पत्र्यावर गारा पडाव्यात तशी वाजली. दुकानदारानं मग चाकं लावलेला एक स्पीकर ढकलत आणला. त्यात निळे-जांभळे दिवे लागत होते आणि मध्येच एक बाई इंग्रजीत बोलायची. ॲकॉस्टिक गिटारसाठीचा खरा ॲम्प काचेमागं होता. एक तार गिटारची, एक माईकची, बॅटरीवरही चालणारा, लाकडाचा आवाज लाकडासारखा देणारा. त्याची किंमत ऐकून इम्तियाज म्हणाला, "यात पेट्रोल कुठं टाकायचं?"

मग मोबाईलवर ती जाहिरात दिसली. तसलाच ॲम्प, वापरलेला. पत्ता ओगलेवाडी. खाली एकच ओळ: दुपारी तीनला येणे, किंमत वाजवून ठरेल.

तर मी वाजवायला लागलो.

आणि पहिल्याच कॉर्डला हात आखडला. आवाज सुरेखच होता. भरीव, उबदार. पण माझा नव्हता. ॲम्पच्या प्रत्येक नॉबशेजारी पेन्सिलीनं बारीक रेघ ओढलेली होती आणि सगळे नॉब त्या रेघांवर उभे होते. कुणीतरी बसून, कान देऊन, स्वतःसाठी लावून ठेवलेला आवाज. गिटार माझी, बोटं माझी, पण ऐकू येत होता तो दुसऱ्याचा हात. मी एक नॉब फिरवायला गेलो.

"तो राहू दे," कॉटवरून आवाज आला. तोंड भिंतीकडंच होतं.

"काका, थोडा बेस कमी…"

"राहू दे म्हटलं ना. आणि ती पायातली पेटी आहे, तिच्यातल्या डाव्या बटणाला पाय लावायचा नाही."

ॲम्पला जोडलेली दोन बटणांची एक पेटी खाली होती. डाव्या बटणावर दवाखान्यात सलाईनची सुई धरून ठेवायला लावतात तसली पांढरी चिकटपट्टी लावलेली होती. एकावर एक, बऱ्याच थरांची.

मी दोन गाणी वाजवली. "जोरात," काका म्हणाले. मी आवाज वाढवला. "आणखी." खिडकीची काच थरथरायला लागली. तिसरं गाणं संपल्यावर ते उठून बसले. डोळे लाल होते, पण झोपेनं नाही.

"नाही लागत," ते म्हणाले.

"काय नाही लागत?" इम्तियाजनं विचारलं.

"झोप. ज्याच्या वाजवण्यात मला झोप लागेल, त्याला हा द्यायचा. फुकट दिला तरी चालेल." त्यांनी चादरीची घडी घालायला घेतली. "साताऱ्याचा एकजण आला होता, त्यानं अंगाईगीतं वाजवली. एकजण इस्लामपूरचा. संध्याकाळपर्यंत वाजवत होता बिचारा, शेवटी तोच झोपला."

मी आजवर माझ्या गाण्यात झोपणारी माणसं पाहून खचलो होतो. इथं तीच परीक्षा होती आणि मी नापास झालो होतो.

"काका," इम्तियाज म्हणाला. तो सरळ विचारतो, ही त्याची खोडही आहे आणि मोठेपणाही. "हे कुणाचं आहे?"

काकांनी फोटोकडं मान केली. "हर्षल. मुलगा माझा. मागच्या पावसाळ्यात डेंग्यू झाला. आठवडाही काढला नाही त्यानं."

 ॲम्प चालूच होता. त्यातून बारीक सूं असा आवाज येत होता, कुणी बोलायच्या आधी श्वास घेऊन थांबावं तसा.

"दहाव्याला संगमावर गेलो," काका सांगू लागले. ते वीज उपकेंद्रावर ऑपरेटर होते, नुकतेच निवृत्त झालेले. बोलणं लॉगबुकात नोंद करावी तसं. "पिंड ठेवला. कावळे झाडावर होते, पण एकही शिवेना. याचं काय राहिलं म्हणून सगळे बोलायला लागले. मामा म्हणाला, बहिणीचं लग्न मी लावीन. नाही शिवला. आई म्हणाली, मी रडणार नाही. नाही शिवला. ऊन चढलं. भटजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून लावू. मला ते बघवेना. मी तोंडातून निघेल ते बोललो. म्हटलं, तुझं वाजवायचं मी बंद पडू देणार नाही बाबा. ते वाजत राहील. आणि लगेच आला."

"कावळा?"

"लगेच. शेजारच्या पिंडावरचा वडा सोडून आला."

इम्तियाज पुढं सरकला. "म्हणजे काका, कावळ्याला शब्द दिलाय तुम्ही."

"हो."

"आणि तुम्हाला वाजवता येत नाही."

"बाजाच्या पेटीवर सुद्धा नाही."

"अवघड आहे."

"आहेच," काका म्हणाले. त्या दोघांचं इतक्या लवकर जमलेलं पाहून मला जरा एकटं वाटलं. "गिटार त्याच्या मित्रानं नेली. तो आता पुण्यात असतो, कपाटावर ठेवलीय म्हणतो. हा माझ्याकडं राहिला. वाजत तर राहायला पाहिजे. पण कुणालाही उचलून देववत नाही."

वाजत राहायला हवं, हे मला समजलं. झोपेचं काय ते समजलं नाही. विचारलं नाही. मला शनिवारचं पडलं होतं.

"आमचा शनिवारी कार्यक्रम आहे," मी म्हणालो. "त्या दिवसापुरता द्या. वाजेल तरी."

काकांनी ॲम्पवर हात ठेवला. म्हशीच्या पाठीवर ठेवतात तसा, तळवा पसरून. "मी बरोबर येणार."

"या की."

"याच्या शेजारी बसणार."

"बसा."

"आणि डावं बटण…"

"नाही लावणार पाय," मी म्हणालो.

शनिवारी संध्याकाळी काका पांढऱ्या इस्त्रीच्या शर्टात आले. ॲम्प रिक्षात मांडीवर घेऊन. कॅफेत पोरांची गर्दी होती, टेबलांवर कोल्ड कॉफीचे ग्लास, भिंतीवर इंग्रजीत लिहिलेली प्रेरणादायी वाक्यं. काकांनी एक स्टूल ओढलं, ॲम्पला चिकटून बसले आणि त्यावर हात ठेवला.

"हे कोण?" कॅफेवाल्यानं दबक्या आवाजात विचारलं.

"साऊंड इंजिनिअर," इम्तियाज म्हणाला.

"मग पाठ का केलीय लोकांकडं?"

"मोठे आहेत ते."

पहिली दोन गाणी बरी गेली. आवाज शेवटच्या टेबलापर्यंत पोचत होता. आयुष्यात पहिल्यांदा माझं गाणं ते नको असलेल्या लोकांनाही ऐकू जात होतं. पण टेबलांवरचं बोलणं थांबलं नव्हतं. तिसऱ्या गाण्यात एका पोरीनं पिझ्झा मागवला, माझ्यापेक्षा स्पष्ट आवाजात. मी इम्तियाजकडं बघितलं. तो खोकं वाजवत होता, पण त्याच्या डोळ्यांत मला ट्रॅक्टर दिसत होता.

आणि लाईट गेली.

पोरं ओरडली. काकांनी जागच्या जागी खिडकीबाहेर बघून नेहमीच्या सवयीनं निदान केलं, "फीडर गेला. येईल." मिक्सर बंद, पंखे बंद, भिंतीवरची वाक्यं दिसेनाशी झाली. फक्त आमच्या ॲम्पचा लाल ठिपका तेवढा जळत होता. तो बॅटरीवर गेला होता.

अंधारात मी माझा माईक चाचपायला एक पाऊल पुढं टाकलं. पायाखाली काहीतरी खट् झालं. चिकटपट्टी उन्हाळ्यात सैल झाली असावी.

लूपर म्हणून एक प्रकार असतो. पाय दिला की तुम्ही वाजवाल ते तो भरून घेतो. पुन्हा पाय दिला की तेवढाच तुकडा फिरवत बसतो, तुम्ही थांबवेपर्यंत. काही ॲम्पमध्ये तो आतच असतो. आणि वीज काढली तरी शेवटचं भरलेलं तो विसरत नाही.

ॲम्पमधून गिटार वाजायला लागली. माझी नव्हे. माझे दोन्ही हात माईकवर होते.

चारच कॉर्ड. तिसरा कॉर्ड दर वेळी किंचित उशिरा येत होता, बोटं बघून ठेवल्यासारखा. मागं हलकं गुणगुणणं होतं, शब्द नसलेलं. खुर्ची करकरली. लांबवर कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. आणि मग, एकदम जवळून, दार ढकलून आल्यासारखा एक आवाज:

"बंद कर ते."

त्याच क्षणी तुकडा संपला आणि पहिल्यापासून सुरू झाला. अर्धी मात्रा कमी होती त्यात. अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी नसावी, तसा पाय पडायचा. चार कॉर्ड, गुणगुणणं, खुर्ची, शिट्टी.

"बंद कर ते."

तो आवाज मी ओळखला. तीनच दिवसांपूर्वी त्याच आवाजानं मला "वाजवा" म्हटलं होतं.

मला सगळं एकदम दिसलं. रात्रपाळी करून आलेला माणूस. दुपारचे तीन. शेजारच्या खोलीत पोरगं, समोर चालू माईक. वडील दारात येऊन ओरडले आणि पोरानं घाबरून थांबवायला म्हणून पाय मारला. त्या पायानंच तो तुकडा बंद झाला. आत ते दोघंही राहिले.

कोपऱ्यातल्या एका टेबलावर हसू फुटलं. त्यांना वाटलं, गाण्यातली गंमत आहे. पुढच्या फेरीला दोघं-तिघं आवाजाबरोबर म्हणाले, "बंद कर ते!" त्याच्या पुढच्या फेरीला अख्खं कॅफे. टेबलं बडवत, मोबाईलचे दिवे हलवत, पिझ्झावाली सगळ्यांत पुढं. प्रत्येकाच्या घरी कुणीतरी हे वाक्य म्हणालेलं असणार, इतकं ते बरोबर पडत होतं.

"बंद कर ते!"

 मी वाकलो, बटण शोधायला हात घातला. तिथं आधीच एक हात होता. काकांचा. गार पडलेला. ते बटण दाबत नव्हते. त्यावर पालथा तळवा ठेवून बसले होते, दुसऱ्या कुणाला दाबता येऊ नये म्हणून.

"काका?"

"वाजव," ते म्हणाले. "त्याच्याबरोबर वाजव."

इम्तियाजला यातलं काही उलगडलेलं नव्हतं. पण त्याच्या हातांनी ती अर्धी मात्रा कधीच पकडली होती. खोकं त्या लंगड्या पावलाला धरून चालत होतं. मी गिटार घेतली. चार कॉर्डच्या वर दोन सूर ठेवले. उशिरा येणाऱ्या तिसऱ्या कॉर्डसाठी थांबलो. मी थांबलो की तो यायचा. किती वेळ वाजवलं ते मला सांगता येणार नाही. लोक ओरडत होते, आतला माणूस ओरडत होता, आणि आतलं पोरगं दर वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत होतं.

लाईट आली तेव्हा सगळे उभे होते. काका स्टुलावर नव्हते. जमिनीवर बसले होते, ॲम्पच्या जाळीला कान लावून.

कार्यक्रमानंतर आम्ही पार्किंगमध्ये रिक्षाची वाट बघत होतो. कॅफेवाला बाहेर येऊन म्हणाला, "पुढच्या शनिवारी ते बंद-करवालं गाणं दोनदा घ्या." आणि आत गेला.

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी सगळ्यांत निरुपयोगी तेच बोललो. "काका, ते बटण दाबून धरलं की पुसलं जातं."

"माहितीये. त्याच्या पुस्तिकेत आहे." ते ॲम्पच्या पिशवीची चेन ओढत होते, ती अर्ध्यात अडकत होती. "पुसलं तर माझा आवाज जाईल. पण तोही जाईल ना. एकाच तुकड्यात आहोत."

"तुम्हाला कधी कळलं?"

"तेराव्यानंतर. चालतोय का बघायला बटण दाबलं. संगमावर शब्द देऊन आलो होतो, वाजत राहील म्हणून. आणि आत बघतो तर मीच, बंद कर म्हणणारा." चेन सुटली, पुन्हा अडकली. "त्या दिवशी ओरडलो, त्यानंतर घरात वाजवलं नाही त्यानं. ॲम्पवर फडकं टाकून ठेवलं. मी विचारलं सुद्धा नाही. मला बरं वाटलं होतं. शांत झोप लागायची."

इम्तियाजनं पुढं होऊन चेनचं टोक धरलं. दोघांनी मिळून ती वर नेली.

"तेव्हा मी एकटा ओरडलो तर थांबला," काका म्हणाले. "आज एवढी माणसं ओरडली. थांबला का तो?"

इम्तियाजनं पिशवी उचलून काकांच्या हातात दिली.

"नाही थांबला," त्यांनी स्वतःच सांगितलं. मग रिक्षा आली. ॲम्प मांडीवर घेऊन बसले आणि आम्हाला म्हणाले, "उद्या या. तीनला."

दुसऱ्या दिवशी दार उघडंच होतं. काकांनी पाणी दिलं, कॉटवर आडवे झाले, चादर ओढली. भिंतीकडं नव्हे, आमच्याकडं तोंड करून. पेटीवरची चिकटपट्टी निघालेली होती.

मी पाय दिला. चार कॉर्ड. खुर्ची. कुकरची शिट्टी. इम्तियाजनं खोक्यावर बोटांनी हलकेच ठेका धरला, मी वरून दोन सूर लावले, पोराच्या पेन्सिलीच्या रेघांवरच. दर फेरीला आतले काका येऊन ओरडून जात होते. फोटोतलं पोरगं मान खाली घालून बोटं बघत होतं.

बऱ्याच वेळानं इम्तियाजनं मला कोपरानं डिवचलं आणि भुवईनं कॉटकडं दाखवलं.

"विचार की," तो कुजबुजला. "किंमत काय ठरली ते."

"बंद कर ते," ॲम्प म्हणाला.

कॉटवरून उत्तर म्हणून घोरणं आलं. त्या अर्ध्या मात्रेच्या जागी, अगदी बरोबर. आम्ही वाजवत राहिलो.